आई-बाबांसोबत यूटा-अ‍ॅरिझोनाच्या लाल दऱ्या : रोजचा तपशील

बऱ्याच जणांनी विचारलं की सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन यूटा-अ‍ॅरिझोनाची रोड ट्रिप झेपते का. झेपते, आणि मस्त झेपते, फक्त प्लॅन करताना मैल मोजत बसायचं नाही. ऊन किती वाजता कुठे येतं, जागा किती उंचीवर आहे, पुढचं टॉयलेट आणि पुढचा पेट्रोल पंप कुठे आहे, यावर दिवस बसवायचा. दुसरं म्हणजे लोक हमखास म्हणतात की दोन-तीन पार्क झाले की सगळीकडे तेच लाल दगड दिसायला लागतात. हे मला अजिबात पटत नाही. दगड वाचायला कोणी शिकवलं तर प्रत्येक पार्क पुढच्या पार्कला जोडलेलं दिसतं. आमच्याकडे शिकवायला बाबा होते. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात, त्यामुळे दगड दिसला की पाणी कुठून झिरपतंय हे आधी बघायचं ही सवय.

तर आधी प्लॅनिंग. वेळ ठरवली सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडेही मॉन्सून असतो, दुपारी ढग भरून येतात आणि अरुंद दऱ्यांमध्ये अचानक लोंढा येतो, पाऊस कुठेतरी लांब पडलेला असतो आणि तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं. शिवाय जून-जुलैचं ऊन वयस्कर माणसांना नकोच. सप्टेंबरअखेर दिवसा बरं असतं, ब्राइसला रात्री मात्र गोठायला होतं, म्हणून स्वेटर, कानटोपी, हातमोजे घेतलेच.

बुकिंगचा क्रम महत्त्वाचा आहे. ग्रँड कॅन्यनच्या आतल्या खोल्या वर्षभर आधी सुटतात आणि भराभर जातात, म्हणून आधी ती खोली, मग मॉन्युमेंट व्हॅलीची, आणि या दोन तारखा पक्क्या झाल्यावर बाकीचं सगळं त्यांच्या अवतीभोवती. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास घ्या. २०२६ पासून अमेरिकेत राहणाऱ्यांना तो ८० डॉलरला आणि बाहेरच्या पाहुण्यांना २५० डॉलरला केलाय, शिवाय झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून ११ पार्कांत पास नसलेल्या बाहेरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जास्तीचे आहेत, तेव्हा भारतातून पाहुणे येणार असतील तर हा हिशोब आधीच करा. हा पास नवाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर, म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटेलोप कॅन्यनला चालत नाही. रेंटल कारचं अ‍ॅग्रीमेंट नीट वाचा, बहुतेकांना कच्च्या रस्त्यावर गाडी नेलेली चालत नाही. आणि ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा, तासन्‌तास नेटवर्क नसतं.

खाण्याचं आईने ठरवलं. छोटा राइस कुकर, केटल, मेतकूट, तूप, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लिंबाचं लोणचं. वेगासला उतरल्यावर दूध, दही, फळं आणि पाण्याचे मोठे कॅन. वाळवंटात माणशी दिवसाला एक गॅलन पाणी धरतात, आम्ही गाडीत कायम त्यापेक्षा जास्तच ठेवलं.

शनिवार, वेगास ते स्प्रिंगडेल

वेगासमध्ये थांबलो नाही. एअरपोर्टवर गाडी घेतली, किराणा भरला आणि निघालो, साधारण १६० मैल आहे. यूटामध्ये शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे स्प्रिंगडेलला पोचेपर्यंत संध्याकाळ. डोंगरांचे माथे लाल झालेले आणि खालचं गाव सावलीत. मऊ भात-मेतकूट खाऊन लवकर झोपलो, कारण सकाळची पार्कची पहिली शटल बस पकडायची होती.

रविवार, झायन

झायनच्या मुख्य दरीत सीझनमध्ये स्वतःची गाडी नेता येत नाही, २००० सालापासून शटल आहे आणि ज्येष्ठांसाठी हे फारच सोयीचं आहे. पार्किंग शोधत फिरायचं नाही, दमलं की पुढच्या स्टॉपवरून बसायचं. आम्ही थेट शेवटच्या स्टॉपला गेलो. तिथून रिव्हरसाइड वॉक, जाऊन-येऊन सव्वादोन मैल, पक्की वाट, बहुतेक सपाट, व्हर्जिन नदीच्या काठाने.

वाटेत एका ठिकाणी कड्यातून पाणी झिरपत होतं आणि त्या ओलीवर नेचे वाढलेले. बाबा थांबले. म्हणाले, "अगं हे बघ, वरचा दगड पाणी पितोय, खालचा पीत नाही, म्हणून पाणी आडवं बाहेर आलंय." अगदी तसंच आहे. वरचा जाड थर म्हणजे नवाहो सँडस्टोन, ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला, कड्यावर तिरक्या रेघा दिसतात त्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या. त्याच्याखाली कायेंटा नावाचा घट्ट थर. पावसाचं पाणी वरच्या दगडातून मुरत मुरत खाली यायला शेकडो-हजारो वर्षं लागतात. आपल्याकडे सह्याद्रीत काळा बसाल्ट, त्यात पाणी दगडातून न जाता फटींतून जातं, हे बाबांनी आईला तिथेच समजावलं, आणि तो नवाहो सँडस्टोन पुढे सगळ्या ट्रिपभर आमच्या सोबत राहिला.

दुपारी आई-बाबा लॉजच्या हिरवळीवर मोठ्या झाडाखाली पडले आणि मी आणि नवरा द नॅरोज्‌मध्ये नदीतून थोडं चालून आलो. काठी आणि पाण्यात चालायचे बूट भाड्याने मिळतात, ते घ्याच, तळाशी गोटे गुळगुळीत असतात. एंजल्स लँडिंगच्या कड्यावर चढायला २०२२ पासून लॉटरीने परमिट लागतं, आम्ही अर्जच केला नाही.

सोमवार, बोगदा आणि ब्राइस

सकाळी झायनच्या पूर्वेकडून बाहेर पडलो. घाट चढल्यावर १.१ मैलाचा बोगदा, १९३० मध्ये पूर्ण झालेला, डोंगराच्या आतून खोदलेला आणि मधेमधे कड्याला खिडक्या. बाबांनी गाडी अगदी हळू घ्यायला लावली. पलीकडे दगडांवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी, तोच सँडस्टोन.

ब्राइसच्या कड्याची उंची ८००० फुटांच्या वर, महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे पोचल्या पोचल्या चालायला निघू नका. आम्ही चहा घेतला, तासभर बसलो आणि मग सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट हा अर्ध्या मैलाचा सपाट पक्का रस्ता चाललो. तेवढ्यात ब्राइसचं सगळं रूप दिसतं. खाली हजारो दगडी सुळके, केशरी, गुलाबी, मधेच पांढरे, त्यांना हूडू म्हणतात. खरं तर ही नदीने कापलेली दरी नाहीच. वर्षातल्या साधारण २०० रात्री इथे पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं, फटीत शिरलेल्या पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं आणि दगड फोडतं. नदी नाही, पूर नाही, मुख्यतः गोठणं-वितळणं, आणि त्यातून हे. बाबा बराच वेळ कठड्याला धरून बघत उभे होते.

रात्री जेवणानंतर गाडी घेऊन अंधाऱ्या व्ह्यू पॉइंटला गेलो. आकाशगंगा इतकी स्वच्छ दिसत होती की आईने लहानपणी अंगणात झोपून बघितलेल्या आकाशाच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, त्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या.

मंगळवार, हायवे १२

ब्राइस ते टोरी. घाईत करण्याचा रस्ता हा नाहीच, अख्खा दिवस द्या. एस्कलांटे आणि बोल्डरच्या मधे रस्ता एका अरुंद दगडी धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना खोल उतार आणि कठडा नाही. त्या भागाला हॉगबॅक म्हणतात. आईने डोळे मिटून रामरक्षा म्हटली, नवऱ्याने वेग वीस मैलांवर आणला. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता ९६०० फुटांपर्यंत चढतो आणि अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली. वाळवंटाच्या ट्रिपमध्ये हा पिवळा रंग कोणी सांगितला नव्हता, म्हणून मी मुद्दाम सांगतेय, सप्टेंबरअखेर गेलात तर इथे उतरा.

बुधवार, कॅपिटल रीफ ते मोआब

आई म्हणते हा सगळ्यात चांगला दिवस. कॅपिटल रीफमध्ये फ्रुटा नावाची वस्ती होती, १८८० च्या दशकात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेली, त्यांनी फ्रीमाँट नदीचं पाणी पाटाने वळवून फळबागा लावल्या. आता त्या पार्कच्या ताब्यात आहेत, दोन हजारांच्या आसपास झाडं, आणि जी बाग तोडणीसाठी उघडी असेल तिथे जाऊन फळं तोडता येतात. बागेत खाल तेवढं फुकट, घेऊन जाल त्याचे वजनावर पैसे. सफरचंदांचा मोसम होता. शिडी, लांब दांड्याची खुडणी सगळं ठेवलेलं असतं. आईने एक पिशवी भरली, आणि बाबा बागेतून पाट कसा फिरवलाय, कुठे आडवलाय, बारं कसं देत असतील ते बघत हिंडले. जुन्या गिफर्ड हाऊसमध्ये फळं भरून भाजलेले पाय (pie) मिळतात, सकाळी लवकर जा, संपतात.

जवळच हायवेलगत कड्यावर कोरलेली चित्रं आहेत, फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी इसवीसन ३०० ते १३०० च्या काळात कोरलेली. खांदे रुंद आणि कंबर निमुळती अशी माणसं, डोक्यावर काहीतरी, आणि शिंगवाल्या मेंढ्या. आम्ही रत्नागिरीकडची कातळशिल्पं बघितली होती, ती आडव्या सड्यावर, पायाखाली. इथे उभ्या कड्यावर, मान वर करून बघायची. लाकडी फळ्यांची वाट आहे, व्हीलचेअरही जाईल.

मग हँक्सव्हिल. तिथे पेट्रोल पंपाचं दुकान डोंगराच्या पोटात कोरलेलं आहे, टाकी इथे भरून घ्या, कारण पुढे बराच वेळ काही नाही. मोआबला संध्याकाळी.

गुरुवार, आर्चेस

आम्ही गेलो तेव्हा टाइम्ड एंट्री (वेळ ठरवून आधी काढायचं प्रवेश-तिकीट) होती पण सकाळी ७ च्या आत शिरलं तर तिकीट लागत नव्हतं. हा नियम बदलत राहतो, पार्कच्या साइटवर बघून जा. तिकीट असो नसो, पहाटेच जा, गर्दी आणि ऊन दोन्ही टळतं.

इथला दगड बराचसा एन्ट्राडा सँडस्टोन. खाली जमिनीत मिठाचा जाड थर आहे, फार पूर्वीच्या समुद्राचा. वरच्या दगडांच्या वजनाने मीठ सरकलं, वरच्या थरांमध्ये एकमेकींना समांतर भेगा पडल्या, भेगा रुंदावून दगडाच्या पातळ भिंती उरल्या आणि त्या भिंतींना भोकं पडून कमानी. दोन हजारांहून जास्त आहेत. आणि पडतातही. १९९१ मध्ये लँडस्केप आर्चच्या खालच्या बाजूने मोठा तुकडा निखळला, २००८ मध्ये वॉल आर्च एका रात्रीत कोसळली.

गुडघे दुखत असतील तर विंडोज सेक्शन आणि डबल आर्च, पार्किंगपासून थोडंसंच चालायचं. डेलिकेट आर्चला वर जायचं तर जाऊन-येऊन ३ मैल, ४८० फूट चढ, उघडा कातळ, सावली नाही. आई-बाबांनी ती खालच्या व्ह्यू पॉइंटवरून बघितली, शंभर-एक यार्ड चाललं की दिसते, लांबून दिसते पण दिसते. आम्ही दोघं संध्याकाळी वर गेलो. सूर्य कमानीवर पडला तेव्हा तिथे बसलेली माणसं एकदम गप्प झाली होती. मी आईला व्हिडिओ काढून आणला.

शुक्रवार, कॅन्यनलँड्स

मेसा आर्चला सूर्योदय. पहाटे काळोखात टॉर्च घेऊन, जाऊन-येऊन पाऊण मैलसुद्धा नाही. सूर्य वर आला की कमानीची खालची बाजू आतून पेटते. ट्रायपॉडवाल्यांची गर्दी असते, पण आईला बघून एका फोटोग्राफरने आपणहून जागा करून दिली.

मग ग्रँड व्ह्यू पॉइंट. खाली एक दरी, तिच्या आत अजून एक दरी, आणि अगदी तळात कुठेतरी ग्रीन आणि कोलोरॅडो नद्या. त्यांचा संगम याच पार्कात आहे पण इथून दिसत नाही. बाबांना कराडचा प्रीतिसंगम आठवला, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात तो. नकाशा उघडून तासभर बसले. दुपारी डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क, तिथून कोलोरॅडोचं वळण दोन हजार फूट खाली दिसतं. ट्रिपमधला नदीचा पहिला नीट मोठा देखावा हा.

शनिवार, मॉन्युमेंट व्हॅली

नवाहो लोकांची जमीन, ते स्वतःला दिने म्हणतात. इथे दारू चालत नाही, आणि लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दरीतला १७ मैलांचा रस्ता कच्चा आहे, म्हणून आम्ही नवाहो गाइडची जीप घेतली. तेच करावं, रेंटलवाल्यांच्या नियमात बसतं, पैसे इथल्या माणसांना जातात आणि ती माणसं आपल्या घरच्या जागा दाखवतात. गाइडच्या आजीने त्याच दरीत मेंढ्या राखल्या होत्या. आईने त्याला मेंढ्यांना पाणी कुठून आणायचे ते विचारलं, मग दोघांचं ते बोलणं मी भाषांतर करत बसले, बाकी काही बघितलंच नाही.

फ्राय ब्रेड खाल्ला. गव्हाच्या पिठाची जाड, तळलेली पोळी. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने या लोकांना घरं सोडायला लावून शेकडो मैल चालवत छावणीत नेलं, तिथे शिधा म्हणून पीठ आणि चरबी मिळायची, त्यातून हा पदार्थ आला. शाकाहारी असाल तर कशात तळलंय ते विचारून घ्या.

घड्याळाचं लक्षात ठेवा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळी महिन्यांत घड्याळ तासभर पुढे करतात. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो प्रदेश करतो. पेज गाव अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर चालतं. फोन टॉवर बदलला की वेळ बदलतो, आणि अँटेलोपच्या टूरची वेळ चुकली की तिकीट गेलं. आम्ही एक मनगटी घड्याळ पेजच्या वेळेला लावून तेच धरलं.

रविवार-सोमवार, पेज

अँटेलोप कॅन्यनमध्ये गाइडशिवाय जाता येत नाही. या अरुंद दरीचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग आहेत. लोअरमध्ये उभ्या शिड्या आहेत, म्हणून ज्येष्ठांसाठी अप्पर, आत वाळूची सपाट वाट आहे. मात्र बाहेर पडल्यावर टेकडीवरून लोखंडी जिन्यांनी परतायचं असतं, ते सावकाश. आत भिंती पाण्याने घासून गुळगुळीत केलेल्या, वरून उजेड झिरपतो. हाच तो नवाहो सँडस्टोन. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटेलोपमध्ये लांबच्या पावसाचा लोंढा येऊन ११ पर्यटक गेले. गाइडने आकाश बघूनच आत सोडलं. टूर रद्द झाली तर कुरकुर करू नका, हे मी कळकळीने सांगते.

बाबांचा दिवस मात्र कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचा. ७१० फूट उंच काँक्रीटची कमान, १९५६ ला काम सुरू, १९६६ ला पूर्ण. आपलं कोयना १०३ मीटर, हे २१६. पुलावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या कड्यांवर ओलीचे डाग आणि दगड बांधून ठेवणारे बोल्ट दिसतात, पाणी सच्छिद्र दगडातून धरणाला वळसा घालून झिरपतंय. झायनला नेचे वाढवणारं तेच झिरपणं इथे इंजिनिअरला जागं ठेवतं. १९८३ ची गोष्ट बाबांना नोकरीपासून माहीत होती. बर्फ भरपूर वितळला, जलाशय काठोकाठ, सांडव्याच्या बोगद्यांत पाण्याच्या प्रचंड वेगाने पोकळ बुडबुडे होऊन फुटायला लागले आणि त्यांनी काँक्रीट खाऊन आतल्या दगडात खड्डे पाडले. तेव्हा दरवाज्यांवर प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून पाणी अडवलं होतं. व्हिजिटर सेंटरच्या खिडकीतून खाली बघत बाबांनी हे सगळं आईला सांगितलं, आणि शेजारी उभी असलेली दोन मुलंही ऐकत राहिली, भाषा कळत नसताना.

जलाशयाच्या कडेने कड्यांवर पांढरा पट्टा आहे, पाणी पूर्वी तिथपर्यंत होतं. १९२२ च्या करारात सात राज्यांनी कोलोरॅडोचं हे पाणी वाटून घेतलं, पण हिशोब धरला तो जास्त पावसाच्या वर्षांवर. कृष्णा लवादाची कागदपत्रं आयुष्यभर हाताळलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं, तरी तो पट्टा बघून बाबा अस्वस्थ झाले.

हॉर्सशू बेंडला, म्हणजे कोलोरॅडोच्या नालेसारख्या वळणाला, सकाळी जा, जाऊन-येऊन दीड मैल, वाट चांगली केलीय. पार्किंगचे वेगळे पैसे.

मंगळवार-बुधवार, ग्रँड कॅन्यन

पेजहून कॅमेरॉनमार्गे पूर्वेच्या गेटने शिरा, डेझर्ट व्ह्यूला. मेरी कोल्टर या बाईंनी उभारलेला १९३२ चा दगडी मनोरा आहे. तिथून पहिल्यांदा दरी दिसली तेव्हा आईने हात जोडले. आणि समोरच्या शिखरांची नावं विष्णू टेंपल, शिवा टेंपल! क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास ठेवलेली. दरीच्या तळाचा फार जुना काळा दगड तोही विष्णू शिस्ट.

इथे बाबांचा नवाहो सँडस्टोन नाही. तो केव्हाच झिजून गेला. झायनच्या तळाचा थर तो इथला माथा, आणि ब्राइसच्या तळाचा तो झायनचा माथा, म्हणजे आम्ही ब्राइसपासून एकच जिना उतरत आलो होतो, हे बाबांनी मॅथर पॉइंटच्या बाकावर बोटांनी दाखवलं. म्हणून मी सांगते की हे तिन्ही पार्क एकाच ट्रिपमध्ये करा, एखादं गाळू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पहाटे साउथ कायबाब या दरीत उतरणाऱ्या वाटेवर ऊ-आ पॉइंटपर्यंत उतरून आलो, १.८ मैल जाऊन-येऊन, वाटेत पाणी नाही. तळाला जाऊन एका दिवसात परत यायचा विचार करू नका, पार्कवालेही तेच सांगतात. आई-बाबांसाठी ट्रेल ऑफ टाइम, कड्यावरची पक्की वाट, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आजपासून चालायला सुरुवात करायची. साधारण ६६ मीटरवर बाबा थांबले, हा आपला सह्याद्री, दख्खनचा लाव्हा. २७० मीटरवर पायाखालचा कायबाब चुनखडक. विष्णू शिस्टसाठी १७०० मीटरच्या पुढे जायचं होतं, आईचे गुडघे म्हणाले नको, तर बाबा एकटे चालत गेले आणि आम्ही तिला शटलने पुढे घेऊन गेलो.

गुरुवार, परत

२८० मैल वेगास, साडेचार तास, किंगमनमार्गे. हूवर धरण वाटेतच, त्यामुळे फ्लाइट रात्रीची घ्या. नवीन पुलावर चालत जायला वाट आहे, तिथून धरण समोर दिसतं. थांबायला दोन तास धरा, सोबत पाटबंधारे खात्यातला माणूस असेल तर चार.